रजतपटावरील दिव्यायुधे

हैदराबाद शहराच्या आग्नेय अंगास, विजयवाड्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, दिलसुखनगर ही गजबजलेली वस्ती आहे. साईबाबांचे देवालय, शिकवणीवर्गांच्या पाट्यांनी झाकून गेलेल्या इमारती आणि चित्रगृहे यांवरून ती ओळखली जाते. हाच रस्ता पुढे रामोजी चित्रनगरीकडे जातो. 'बाहुबली'चे दोन्ही भाग (२०१५ व २०१७) मुख्यतः तेथेच घडले. तेव्हा पडद्यावरचे वीर पाहणारे आणि ते घडविणारे, दोघांचाही हा रोजचा रस्ता आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

येथल्या चित्रगृहांच्या दर्शनी फलकांवर गेल्या काही वर्षांत दोन कुळींचे वीर पाळीपाळीने झळकत आले आहेत. एक कुळी अमेरिकेतील चित्रकथांतून उतरलेली. त्यातील एकाच्या हाती हातोडा, दुसऱ्याच्या हाती वाटोळी ढाल. दुसरी कुळी आपल्याकडची. तिच्या हाती गदा, धनुष्य नाही तर नुसता एक चमकणारा मणी. मुलांना या दोहोंत काही भेद वाटत नाही आणि वडीलधाऱ्यांना नेमका त्याचाच राग येतो. 'आमच्या देवांना त्या परदेशी सोंगांच्या पंक्तीस बसविले,' ही तक्रार प्रस्तुत लेखकाने देवळाच्या सभामंडपातही ऐकली आहे आणि न्यायालयाच्या उपाहारगृहातही. तक्रार करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण त्यांनी दोन्ही पक्षांचे कागद नीट वाचलेले नाहीत, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते.

त्या हातोड्याचेच उदाहरण घेऊ. उत्तर युरोपातील प्राचीन पुराणकथांत थॉर हा मेघगर्जनेचा देव आहे. त्याचा हातोडा बुटक्या कारागिरांनी घडविला आणि तो कितीही दूर फेकला तरी फेकणाऱ्याच्या हाती परत येतो, असे त्या कथा सांगतात. अमेरिकन चित्रकथेत हा देव ऑगस्ट १९६२ मध्ये प्रथम अवतरला, आणि त्या चित्रकथाकारांनी हातोड्यास एक अट जोडली. जो पात्र असेल त्यालाच तो उचलता येईल. २०१५ च्या 'अॅव्हेंजर्स' मालिकेतील चित्रपटात एक मौजेचा प्रसंग आहे. मेजवानीनंतर वीर एकेक करून तो हातोडा उचलू पाहतात, कोणी यंत्राचा हात लावतो, कोणी दोघे मिळून जोर करतात, पण हातोडा कोणासही उचलता येत नाही. दिलसुखनगरच्या चित्रगृहातील पोरे या प्रसंगास खदखदून हसली असतील. त्यांच्या आजोबांनी मात्र हसण्याआधी क्षणभर थांबावयास हवे होते, कारण हा प्रसंग महाभारतात आहे.

तो सौप्तिकपर्वात येतो. द्रोणाचार्यांनी ब्रह्मशिर नावाचे अस्त्र अर्जुनास प्रसन्न होऊन दिले. मुलास ते पाहवेना, म्हणून अश्वत्थाम्यासही दिले, पण जड मनाने, आणि कितीही संकट ओढवले तरी हे मनुष्यावर सोडू नकोस, अशी ताकीद देऊन. पुढे पांडव वनात असता अश्वत्थामा द्वारकेस गेला. यादवांनी त्याचा सत्कार केला. एके दिवशी समुद्रतीरी श्रीकृष्णास एकटे गाठून त्याने सौदा मांडला. माझे ब्रह्मशिर तू घे आणि तुझे सुदर्शन मला दे. श्रीकृष्णांनी उत्तर दिले की तुझे मला काहीच नको. हे धनुष्य, ही शक्ती, हे चक्र, ही गदा, यांतले जे उचलता येईल ते खुशाल घेऊन जा. अश्वत्थाम्याने डाव्या हाताने चक्र धरले. हलेना. मग उजवा हात लावला. सर्व बळ पणास लावून तो थकला आणि खाली मान घालून उभा राहिला. तेव्हा श्रीकृष्णांनी विचारले, ज्याच्याहून मला प्रिय कोणी नाही त्या अर्जुनाने हे कधी मागितले नाही, प्रद्युम्नाने नाही, बलरामाने नाही. तुला हे घेऊन लढावयाचे तरी कोणाशी होते? अश्वत्थाम्याने सरळ सांगितले, तुमच्याशीच. तुमची पूजा करून मग तुमच्याशी लढलो असतो.

उलटतपासणीत इतका प्रामाणिक साक्षीदार क्वचित भेटतो. अमेरिकेतील चित्रकथाकारांनी सौप्तिकपर्व वाचले होते, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. शस्त्र हाती धरण्यास बळ पुरत नाही, अधिकार लागतो, ही कल्पना निरनिराळ्या देशांत स्वतंत्रपणे उगवू शकते. परंतु आपल्या परंपरेने त्या कल्पनेपुढे आणखी एक पाऊल टाकले आहे, आणि ते पाऊल पडद्यावर उमटते की नाही, हाच माझ्या मते खरा विचारण्याजोगा प्रश्न आहे. ते पाऊल म्हणजे उपसंहार. सोडलेले अस्त्र परत घेण्याची विद्या.

बालकांडात विश्वामित्र श्रीरामास दिव्यास्त्रे देतात. ती हाती येताच राम जे मागतो ते ध्यानात घेण्याजोगे आहे. ही अस्त्रे मागे कशी घ्यावयाची ते मला शिकवा, असे तो म्हणतो, आणि ऋषी तेही शिकवितात. अग्निपुराणातील धनुर्वेदाच्या प्रकरणात आयुधांचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत यंत्राने फेकावयाची, हाताने फेकावयाची, हातीच धरून ठेवावयाची, यांच्या जोडीस 'मुक्तसंधारित' असा एक वर्ग आहे. सोडून पुन्हा सावरून घेता येते ते. आमच्या शास्त्रकारांस वर्गवारीचा शोक होता खरा, पण हा वर्ग त्यांनी केवळ हौसेखातर केलेला नाही.

रंगभूमीवर हे दाखवावयाचे कसे, हा प्रश्न चित्रपटापूर्वीचा आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीस 'सीतास्वयंवर' केले, तेव्हापासूनच्या पौराणिक नाटकांत देवपार्टी व राक्षसपार्टी यांची युद्धे रंगत. मशालीवर राळ उडविली की भपकन ज्वाळा उठे आणि राक्षस आरोळी ठोकून प्रवेश करी. पुढील सुशिक्षित पिढीने या खेळांस 'अललडुर्र' म्हणून नाके मुरडली. कोकणात व गोव्यात देवळाच्या जत्रेतील दशावतारी खेळांत आजही लाकडी तलवारी फिरतात. झांज व मृदंगाच्या तालावर दोन वीर गिरकी घेतात आणि एकही घाव अंगास न लागता युद्ध संपते. ज्यांनी ते पाहिले आहे त्यांस ठाऊक असेल की तेथे तलवारीपेक्षा ताल मोठा असतो.

हैदराबादेत या परंपरेची एक अशी शाखा आहे जिच्याकडे मराठी माणसाने फारसे लक्ष दिलेले नाही. सुरभी नाटकमंडळी तेलुगू रंगभूमीवर विख्यात आहे. तिचे पूर्वज मात्र मराठी बोलणारे, चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करीत दक्षिणेत उतरलेले. १८८५ मध्ये कडप्पा जिल्ह्यातील सुरभी या गावी वनारस घराण्यातील मंडळींनी 'कीचकवध' हे नाटक केले, आणि बाहुल्यांऐवजी माणसे रंगमंचावर आली. त्या गावाचे नावच मंडळीस चिकटले. एकाच कुळातील स्त्रीपुरुष व मुले पिढ्यान्‌पिढ्या नट, चित्रकार, वादक आणि सुतार होत राहिली. आज त्यांची वस्ती शहराच्या दुसऱ्या टोकास लिंगमपल्लीकडे आहे. त्यांच्या 'मायाबाजार' नाटकात घटोत्कचाच्या मुखात लाडू आपोआप उडत जातात, नारद ढगांतून उतरतात, आणि दोन्ही बाजूंनी सुटलेले बाण ठिणग्या उडवीत अधांतरी एकमेकांस भिडतात. सारा कारभार तारा, दोऱ्या आणि कप्प्यांचा. बाहुलीवाल्याच्या वंशजास हे सहज साधावे यात नवल नाही. ज्याचा बाण दोरीस बांधलेला आहे, त्याचा बाण परत येणारच. आपल्याकडे नाटक चालविणाऱ्यास सूत्रधार म्हणतात, तो शब्द सुरभीच्या विंगेत उभे राहिल्यावर अक्षरशः कळतो.

चित्रपटाने ही दोरी दिसेनाशी केली. दादासाहेब फाळके हे छायाचित्रण व मुद्रण यांचे जाणकार होते हे सर्वश्रुत आहे, परंतु ते हौशी जादूगारही होते आणि आपले आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोग करीत, ही गोष्ट त्यांच्या चित्रपटांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. 'लंकादहन' (१९१७), 'श्रीकृष्णजन्म' (१९१८) आणि 'कालियामर्दन' (१९१९) यांत जादूगाराची ती नजर जागोजाग दिसते. 'श्रीकृष्णजन्मा'चा जो भाग आज उपलब्ध आहे त्यात कंसास आपलेच मस्तक धडावेगळे झालेले दिसते. 'कालियामर्दना'तील कृष्ण म्हणजे फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी. त्या कृष्णाच्या हाती कोणतेच आयुध नाही, तरी नागाच्या फण्यावर उभे असलेले ते पोर पाहून प्रेक्षकांनी हात जोडले. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 'सैरंध्री' (१९२०) काढला. त्यातील भीमाकडून होणारा कीचकाचा वध इतका जिवंत उतरला की प्रेक्षक हादरले आणि तो भाग गाळावा लागला. दिव्यायुध नाही, मंत्र नाही, केवळ दोन हात. पडद्यावरील बळाची पहिली मोठी तक्रार आपल्याकडे अशी निःशस्त्र दृश्यावरून व्हावी, हे मला अर्थपूर्ण वाटते. निजामाच्या हैदराबादेतही धीरेंद्रनाथ गांगुली यांनी १९२२ मध्ये लोटस फिल्म कंपनी काढली होती आणि तिच्या पहिल्या चित्रपटांत एक 'इंद्रजित' होता. १९२४ मध्ये 'रझिया बेगम' दाखविल्यावरून निजामाची मर्जी फिरली, त्यांस संस्थान सोडावे लागले आणि तो डाव तेथेच मोडला.

पुढे बोलपटांच्या काळात बाबूभाई मिस्त्री यांनी काळ्या दोऱ्याने वस्तू अधांतरी हालविण्यात असे प्रावीण्य मिळविले की त्यांचे टोपणनावच 'काला धागा' पडले. सुरभीची दोरी गेली म्हणतो ती कोठेच गेलेली नव्हती. ती काळी झाली होती, इतकेच.

परंतु या साऱ्यांत ज्या एका चित्रपटापाशी थांबावे तो म्हणजे १९५७ चा तेलुगू 'मायाबाजार'. के. व्ही. रेड्डी यांचे दिग्दर्शन, मार्कस बार्टली यांचे छायाचित्रण, एन. टी. रामाराव कृष्ण आणि एस. व्ही. रंगाराव घटोत्कच. बलरामाची कन्या आणि अभिमन्यू यांच्या विवाहाची ही कथा व्यासांच्या महाभारतात नाही. आपल्याकडे ती वत्सलाहरण म्हणून ठाऊक आहे, आणि बाबूराव पेंटरांनी १९२१ मध्येच 'सुरेखाहरण' या नावाने ती पडद्यावर आणली होती. शांतारामबापूंचा नट म्हणून तो पहिला चित्रपट. 'मायाबाजार'ची मौज अशी की त्यात पांडव एकदाही दिसत नाहीत आणि भारतीय युद्धही नाही. सुरभीचे लाडू येथे कॅमेऱ्याने उडविले. पण चित्रपटातील खरी दिव्यायुधे दोन, आणि दोन्हींनी रक्ताचा थेंब सांडत नाही. एक 'प्रियदर्शिनी' नावाची पेटी. जो ती उघडील त्यास आपली सर्वांत आवडती वस्तू तीत दिसते. शशिरेखेस अभिमन्यू दिसतो, बलरामास दुर्योधन, रेवतीस रत्ने, आणि कृष्णाने उघडल्यावर दिसतो शकुनी! दुसरे 'सत्यपीठ'. त्यावर पाय ठेवणाऱ्यास खरेच बोलावे लागते. अखेरीस शकुनी त्यावर उभा राहतो आणि आपले सारे कपट स्वमुखाने सांगून मोकळा होतो. अशी एक फळी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बसविता आली, तर आमच्या पेशातील निम्मी मंडळी उपाशी मरतील. विनोद सोडला तरी, शत्रूस न मारता त्याला उघडा करणारे आयुध ही कल्पना ज्या चित्रपटाने सामान्य प्रेक्षकाच्या गळी उतरविली, त्याची थोरवी त्याच्या छायाचित्रणाच्या करामतीहून मोठी आहे.

आता चित्रकथांकडे वळू, कारण आजच्या पडद्यावरील वीर कागदावरूनच तेथे गेले. १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले आणि फँटम म्हणजे आपला वेताळ घरोघर पोहोचला. त्याच्याजवळ दैवी सामर्थ्य काहीच नव्हते. होती ती एक कवटीची अंगठी आणि एक दंतकथा. त्या प्रकाशनाशी निगडित असलेल्या अनंत पै यांनी १९६७ मध्ये 'अमर चित्र कथा' आरंभिली. दूरदर्शनवरील एका प्रश्नमंजूषेत मुलांस ग्रीक देवांची माहिती होती, पण रामाच्या आईचे नाव आले नाही, ही त्यामागची हकीकत वाचकांच्या कानी असेलच. राम वाईरकरांनी चितारलेला 'कृष्ण' हा त्या मालेतील पहिला पौराणिक अंक. पै हे कारकळचे, घरची भाषा कोंकणी. कारकळचे श्रीवेंकटरमणाचे देवस्थान 'पडुतिरुपती' म्हणून सारस्वतांत विख्यात आहे. तिरुमलेच्या श्रीनिवासाविषयी अशी कथा सांगतात की तोंडमान राजास युद्धप्रसंगी देवाने आपले शंख व चक्र देऊन टाकले, त्यामुळे मूर्तीच्या हाती बराच काळ आयुधे नव्हती. पुढे रामानुजाचार्यांनी ती पुन्हा धारण करविली. आयुध उसने दिले तरी देवाचे देवपण उणे होत नाही, असे समजणाऱ्या लोकांतून आपली पौराणिक चित्रकथा निघाली. अमेरिकन वीराचा हातोडा काढून घेतला तर त्याचे काय उरते, हा प्रश्न त्यांच्या चित्रपटांनीही अलीकडे विचारला आहे, परंतु पुष्कळ वर्षांनंतर.

दूरदर्शनवरील 'रामायण' (१९८७-८८) आणि 'महाभारत' (१९८८-९०) यांतील आयुधांची आज थट्टा होते. दोन बाण आकाशात समोरासमोर येत, थांबत, आणि मग एक विझे. ते भाबडे होते हे खरे. तरीही माझे मत त्यांच्या बाजूचे आहे. त्या संथपणात अग्नीस पर्जन्याने उत्तर देता येते, एका अस्त्रास दुसरे शांत करते, हे प्रेक्षकास पाहावयास वेळ मिळे. नितीश भारद्वाज यांच्या तर्जनीवरील सुदर्शन शिशुपालाचा वध करते तो क्षण थोडका. त्याआधीची शंभर अपराधांची मोजणी मात्र प्रेक्षक श्वास रोखून ऐकत. आणि भीष्मपर्वातील तो प्रसंग पाहा. तिसऱ्या दिवशी श्रीकृष्ण चक्र घेऊन भीष्मांवर धावून जातात, अर्जुन मागून पाय धरतो आणि दहाव्या पावलावर त्यांस थांबवितो. चित्रकारांनी व दिग्दर्शकांनी येथे पुष्कळदा चक्राऐवजी रथाचे चाकच देवाच्या हाती दिले. ते असो. उगारलेले आणि न सोडलेले आयुध दाखविण्यात जो ताण आहे, तो सुटलेल्या हजार बाणांत नाही.

संगणकाने आता दोरीही नको आणि काळा धागाही नको असे करून ठेवले आहे. पडदा एका क्षणात पेटतो. ज्याला काहीच दाखविणे अवघड राहिले नाही, त्याला काय दाखवू नये हे ठरविणे अवघड होते. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या प्रशांत वर्मा यांच्या 'हनु-मान'मध्ये नायकाचे सामर्थ्य एका मण्यात असते आणि तो मणी सूर्यप्रकाशातच चालतो. रात्र झाली की गडी पुन्हा साधा गावकरी. सामर्थ्यास अशी मुदत घातली म्हणून तो चित्रपट मला इतर अनेकांहून सरस वाटला.

आता दिलसुखनगरविषयी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. २१ फेब्रुवारी २०१३ रोजी सायंकाळी, घरी परतणाऱ्यांच्या गर्दीच्या वेळी, कोणार्क व वेंकटाद्री या दोन चित्रगृहांच्या जवळ थोड्या अंतराने दोन बाँबस्फोट झाले. स्फोटके सायकलींवर ठेवलेली होती. बसची वाट पाहणारे, क्लासहून निघालेले, काही खावयास थांबलेले असे अनेक लोक त्यात गेले व शंभरावर जायबंदी झाले. विशेष न्यायालयाने २०१६ मध्ये पाच आरोपींस देहान्त शिक्षा दिली आणि तेलंगण उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ती कायम केली. कायद्याच्या पुस्तकात या कृत्यास कलमे आहेत. पुराणाच्या पुस्तकात त्यास एक पूर्वाधार आहे, आणि तो पुन्हा अश्वत्थाम्याचाच.

चक्र न उचलता आलेल्या त्या पुरुषाने अखेर गंगातीरी, व्यासांच्या शेजारी बसलेला असता, गवताची एक काडी उचलून तिच्यावर ब्रह्मशिर अभिमंत्रिले. अर्जुनाने ते शांत करण्यासाठी तेच अस्त्र सोडले. नारद व व्यास दोन ज्वाळांच्या मध्ये उभे राहिले. अर्जुनाने आपले अस्त्र मागे घेतले. अश्वत्थाम्यास ती विद्याच साधलेली नव्हती. परत घेता येत नाही, तर कोठे तरी पडावयास हवे, म्हणून ते त्याने पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भावर टाकले. ज्यांचा वैराशी काडीचा संबंध नाही, ज्यांना अद्याप नावही नाही, त्यांच्यावर. त्या गर्भास श्रीकृष्णांनी पुन्हा जीव दिला तो परीक्षित. अश्वत्थाम्याच्या मस्तकावरील मणी गेला आणि तीन हजार वर्षे एकाकी भटकण्याचा शाप त्याच्या वाट्यास आला.

जून २०२४ मध्ये नाग अश्विन यांचा 'कल्की २८९८ एडी' प्रदर्शित झाला, तोही हैदराबादच्याच निर्मितीगृहाचा. त्यात यंत्रे आहेत, उडती वाहने आहेत, आणि हजारो वर्षे जिवंत राहिलेला एक उंच, जखमी म्हातारा आहे. तो अश्वत्थामा. अमिताभ बच्चन यांनी ती भूमिका केली आहे. शापाच्या वेळी श्रीकृष्णांनी त्यास सांगितलेले असते की पुढे एका गर्भाचे रक्षण तुला करावे लागेल. या चित्रपटातील हाणामारी मला फार वाटली आणि मधला भाग कंटाळवाणा. पण तो म्हातारा त्या गर्भवती स्त्रीच्या आड काठी रोवून उभा राहतो, तेव्हा पडद्यावरील आयुधांचा शंभर वर्षांचा इतिहास जाणणाऱ्यास सुरभीच्या दोऱ्या आणि फाळक्यांची जादू यांहून वेगळे काही दिसते. ज्याला सोडलेले परत घेता आले नाही, तो आता जे सोडले होते त्याच्याच वाटेत उभा आहे. पहिला भाग संपतो तेथवर ते मूल जन्मास आलेले नाही.